इसार देण्याआधी सिबिलचा रिपोर्ट काढा

घर पसंत पडलं, भाव ठरला, की आपल्याकडे पहिली घाई होते ती इसाराची. चांगला दिवस बघून लाख-दोन लाख दिले जातात, पावतीवर तीन महिन्यांची मुदत लिहिली जाते आणि कर्जाचं नंतर बघू म्हणून पुढचं सगळं बँकेवर सोडलं जातं. मी सोलापुरात नवी पेठेत गृहकर्जाच्या फायली तयार करते. झेडपीचे शिक्षक, यंत्रमागवाले, रेल्वेतले, एमआयडीसीतले, सगळे येतात. कर्ज अडायची कारणं खूप असतात, पण त्यातलं एक मला फार लागतं. हप्ते वेळेवर भरलेल्या, कुणाचं काही न बुडवलेल्या माणसाचंही घर त्यापायी हातचं जातं. ते म्हणजे सिबिलच्या रिपोर्टातलं, म्हणजे आपल्या कर्जांच्या आणि हप्त्यांच्या नोंदी असलेल्या कागदातलं, वादातलं खातं.

रिपोर्टात एखादी नोंद दिसते, ती तुम्हाला मान्य नसते, तुम्ही तिच्यावर डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाकता. त्या क्षणापासून चौकशी संपेपर्यंत त्या खात्यावर तसा शेरा दिसत राहतो, आणि तुमचा रिपोर्ट उघडणाऱ्या प्रत्येक बँकेला तो दिसतो. डिस्प्यूट टाकला म्हणून खातं रिपोर्टातून जात नाही, स्कोरचा आकडाही वर चढत नाही. नोंद बदलली तरच स्कोर बदलतो.

बँक अशा खात्यापाशी का थांबते, ते तिच्या बाजूने बघितलं की कळतं. कर्ज किती द्यायचं हे ती तुमच्या पगारातून चालू हप्ते वजा करून ठरवते. वादातलं खातं तुमचं धरलं तर त्याचा हप्ता वजा करायला हवा, नसेल तर नको. त्यावर 'राइट ऑफ', म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं, असं लिहिलं असेल तर बहुतेक बँका फाइल पुढे नेतच नाहीत. ते तुमचं आहे की नाही हे शाखेतल्या साहेबांना ठरवता येत नाही, म्हणून ते म्हणतात, आधी हे मिटवून आणा. मिटवायला लागतो महिना, आणि तेवढ्यात इसाराची मुदत संपत येते.

अशा खात्यावर कर्ज द्यावं की नाही, याचा सरसकट नियम रिझर्व्ह बँकेने केलेला नाही. किमान स्कोर अमुक हवा असंही तिने ठरवलेलं नाही. ज्या-त्या बँकेचं धोरण असतं. रक्कम किरकोळ असेल आणि कर्ज फिटल्याचा दाखला हातात असेल, तर काही बँका तेवढ्यावर फाइल पुढे घेतात. काही बँका शेरा निघालेला नवा रिपोर्टच मागतात. म्हणून एका बँकेने नाही म्हटलं तर कारण विचारा, आणि लेखी मागा.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण तिच्यामुळे घोळ होतोय. मोबाइलवर या विषयाचे जे व्हिडिओ फिरतात, त्यातल्या पुष्कळ सल्ल्यांचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे एफएचए या सरकारी संस्थेच्या विम्यावर मिळणाऱ्या घरकर्जात, वादात असलेल्या बिघडलेल्या खात्यांची एकूण बाकी १,००० डॉलर किंवा जास्त झाली की संगणकाने दिलेली मंजुरी बाजूला ठेवून माणसाला ती फाइल हाताने तपासावी लागते. दवाखान्याची बिलं आणि ओळख चोरून काढलेली कर्जं त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे तिकडे 'अर्जाआधी वाद मागे घ्या' असं बऱ्याचदा सांगितलं जातं. तो नियम आपल्या बँकांना लागू नाही. इथे चुकीच्या नोंदीवरचा वाद सोडून दिला, तर ती नोंद तशीच राहते आणि बँक ती खरी धरते.

आता कामाला लागू.

देशात लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवून असे रिपोर्ट देणाऱ्या चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण चौघींनाही 'सिबिल'च म्हणतो, पण त्यांचे रिपोर्ट वेगवेगळे असतात. बँक कुठला काढेल हे आपल्या हातात नसतं. प्रत्येक कंपनीकडून दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. चारही काढा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांना तर मी हे हात जोडून सांगते. तिथल्या विडी वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बायांच्या नावावर गटाची कर्जं असतात, आणि क्रिफ हाय मार्कची सुरुवातच अशा मायक्रोफायनान्सच्या नोंदींपासून झालेली आहे. एका रिपोर्टात काही नाही म्हणून निर्धास्त राहिलं आणि बँकेने दुसरा काढला, असं होतं. नवरा-बायको दोघं अर्जदार असतील तर दोघांचे काढा. बँक दोघांचे बघणारच आहे.

रिपोर्टाची पीडीएफ जपून ठेवा. तिच्यावर एक कंट्रोल नंबर असतो, डिस्प्यूटच्या वेळी तो लागतो.

वाचताना लोक थेट स्कोर बघतात आणि कागद मिटतात. तसं करू नका. आधी नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ते बघा. ज्या पत्त्यावर तुम्ही कधी राहिलाच नाहीत तो तिथे दिसला, तर दुसऱ्या कुणाची तरी माहिती तुमच्यात मिसळल्याची शक्यता आहे. मग एकेक खातं घ्या. तुमचं नाव कर्जदार म्हणून आहे, सहकर्जदार म्हणून की जामीनदार म्हणून? खातं चालू आहे की बंद? थकबाकीच्या रकान्यात काही आकडा आहे का? त्याखाली महिन्यांची चौकट असते, मागच्या ३६ महिन्यांपर्यंतची. तिथे ००० म्हणजे हप्ता वेळेवर. ०३० असेल तर ३० दिवस उशीर. ९० च्या पुढे गेलं की बँकेच्या भाषेत खातं बुडीताकडे निघालं. काही घरांत तीन फुल्या दिसतील. त्याचा अर्थ त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही, त्या बघून घाबरू नका.

जुळे सोलापूरमधल्या एका शिक्षकांचं उदाहरण सांगते. त्यांनी काही वर्षांपूर्वी हप्त्यावर टीव्ही घेतला होता. सगळे हप्ते भरले, फायनान्स कंपनीचा एसएमएसही आला. मध्ये एकदा पगार उशिरा झाला आणि एक हप्ता बँकेतून परत गेला होता, त्याचा ५९० रुपये दंड कुणी मागितला नाही आणि सरांना ठाऊक नव्हता. रिपोर्टात ते खातं चालू, थकबाकी ५९०, आणि चौकटीत आकडे वाढत वाढत गेलेले. २५ लाखांच्या फाइलपुढे हे ५९० रुपये उभे! सरांनी रागाच्या भरात 'हे खातं माझं नाही' असा डिस्प्यूट टाकला. कंपनीने उत्तर दिलं, खातं यांचंच आहे. डिस्प्यूट फेटाळला गेला आणि पहिला महिना वाया गेला.

म्हणून डिस्प्यूट टाकायच्या आधी भांडण नेमकं कशाचं आहे ते ठरवा. खातं माझं नाहीच, ही एक तक्रार. खातं माझं आहे पण फिटलेलं आहे, ही दुसरी. आकडा किंवा तारीख चुकली, ही तिसरी. एकच कर्ज दोनदा दिसतंय, ही चौथी. फॉर्ममध्ये यांच्या जागा वेगळ्या आहेत, आणि चुकीच्या जागी टिक केली की उत्तरही चुकीचंच येतं. सरांनी मग कंपनीकडून खात्याचा पूर्ण उतारा मागवला, त्यात दंड दिसला, तो भरला, ना-देय दाखला घेतला आणि खातं बंद दाखवण्याची मागणी केली. ते काम झालं.

'माझं नाही' असं खरोखरच म्हणायची वेळ पूर्व भागात फार येते. पद्मशाली समाजात तेच नाव, तेच आडनाव, कधी कधी वडिलांचं नावही तेच आणि पत्ताही शेजारच्याच पेठेतला. माझ्याकडे आलेल्या एका अक्कांच्या रिपोर्टात गटाचं कर्ज होतं, थकलेलं. अक्का कधी कुठल्या गटात बसलेल्याच नव्हत्या. अशा वेळी आधार, पॅन आणि मतदार कार्डाच्या प्रती जोडा आणि कर्ज देणाऱ्या कंपनीकडे कर्जाचा मूळ अर्ज, त्यावरचा फोटो आणि सही दाखवायची मागणी करा. फोटो दुसऱ्या बाईचा निघाला की पुढे बोलायचं काही उरत नाही. तुमच्या कागदांवर कुणी मुद्दाम कर्ज काढलंय असा संशय आला तर मात्र सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा, पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत डिस्प्यूटला जोडा.

जामीनदाराची गोष्ट वेगळी. भावकीतल्या कुणाच्या मागाच्या कर्जाला सही केली, तो थकला, आणि ते खातं तुमच्या रिपोर्टात आलं, तर ही चूक नाही. यावर डिस्प्यूट टाकून काही होणार नाही. मूळ कर्जदाराला सोबत घेऊन त्या बँकेत बसा आणि खातं नियमित करून घ्या. कठीण असतं हे, नात्यात तेढ येते, मला माहीत आहे. पण दुसरा रस्ता नाही.

आणि बाकी खरोखरच असेल तर? तर भरा, पूर्ण भरा. वसुलीवाला फोन करून म्हणतो, "निम्मे द्या अन् मोकळे व्हा." निम्मे दिले की खातं 'सेटल्ड' होतं, 'क्लोज्ड' होत नाही. गृहकर्ज देणाऱ्याला 'सेटल्ड' वाचून एवढंच कळतं की या माणसाने आधीच्या बँकेचे पूर्ण पैसे दिले नाहीत. अशा नोंदी वर्षानुवर्षं राहतात. क्रेडिट कार्डाची १०-१५ हजारांची बाकी असेल आणि पुढे २५ लाखांचं घर घ्यायचं असेल, तर ते पाच-सात हजार वाचवू नका. आधी सेटलमेंट करून बसला असाल, तर त्याच बँकेत जाऊन सोडलेली रक्कम भरायची तयारी दाखवा आणि खातं 'क्लोज्ड' करून मिळेल का हे लेखी विचारा.

डिस्प्यूट टाकायला एक रुपया लागत नाही. ज्या क्रेडिट माहिती कंपनीचा रिपोर्ट आहे तिच्या वेबसाइटवर लॉगिन करा, खातं निवडा, तक्रारीचा प्रकार निवडा, नंबर घ्या. पण सिबिल स्वतःहून तुमची नोंद बदलू शकत नाही. ती माहिती ज्या बँकेने पाठवली तिला विचारलं जातं, आणि तिने होकार दिला तरच बदल होतो. त्यामुळे खरं काम त्या बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या दारात आहे. ऑनलाइन डिस्प्यूट टाकाल त्याच दिवशी तिथे लेखी अर्जही द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. मी असा मजकूर देते:

"विषय: कर्ज खाते क्र. ____ ची क्रेडिट रिपोर्टमधील चुकीची नोंद दुरुस्त करणेबाबत. महोदय, वरील कर्ज मी दि. ____ रोजी पूर्ण फेडले असून आपले ना-देय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. तरीही दि. ____ च्या रिपोर्टमध्ये या खात्यावर रु. ____ थकबाकी दिसत आहे. ही नोंद दुरुस्त करून खाते बंद झाल्याची माहिती चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना पाठवावी. दुरुस्ती शक्य नसल्यास त्याचे कारण व खात्याचा संपूर्ण उतारा मला लेखी द्यावा. या नोंदीबाबत मी दि. ____ रोजी डिस्प्यूट क्र. ____ दाखल केला आहे."

'चारही' हा शब्द गाळू नका. सिबिलमध्ये दुरुस्त झालं आणि एक्सपीरियनमध्ये जुनंच राहिलं, तर तुमची बँक नेमका एक्सपीरियन काढेल तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि कारण लेखी मागायचा तुम्हाला हक्क आहे. दुरुस्तीची विनंती नाकारली तर कारण कळवावं, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे.

शाखेत टोलवाटोलवी झाली तर त्या संस्थेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, ईमेल करा. आता मुदतीचं सांगते. तक्रार आल्यापासून ३० दिवसांत ती निकाली निघाली पाहिजे. त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेला, तिने दुरुस्त माहिती पाठवायला. ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने ती द्यायची. १०० रुपयांनी घर येत नाही हे खरं, पण अर्जात या नियमाचा उल्लेख केला की कागद हलतो, हे मी बघितलंय. तरीही काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर फुकट करता येते आणि १४४४८ वर माहिती मिळते. आधी संस्थेकडे तक्रार केल्याचा पुरावा तिथे मागतात. म्हणून त्या पोचेसाठी मी एवढी आग्रही असते.

या सगळ्यात एका माणसापासून दूर राहा, 'सिबिल क्लीन करून देतो' म्हणणाऱ्यापासून. पाच-दहा हजार घेतो, तुमचा ओटीपी घेतो, आणि रिपोर्टातल्या प्रत्येक वाईट नोंदीवर, खरी असो की खोटी, डिस्प्यूट टाकून देतो. रिपोर्टभर शेरे लागतात. खऱ्या नोंदी महिन्याने जशाच्या तशा परत येतात, आणि जी एक तक्रार खरी होती तीही बँकेला खोटी वाटू लागते. गरीब माणूस पैसे देऊन हे ओढवून घेतो, याचा मला मनापासून संताप येतो. तो जे करतो ते तुम्ही स्वतः, फुकट आणि नीट करू शकता.

वाद चालू असताना घर हातचं जाईल अशी भीती असेल तर दोन ठिकाणी काळजी घ्या. पहिलं, बँकेला स्वतःहून सांगा. फाइल लॉगिन, म्हणजे बँकेत अर्ज दाखल, करायच्या आधीच डिस्प्यूटचा नंबर, पोच, ना-देय दाखला आणि पैसे भरल्याचं बँक स्टेटमेंट एकत्र लावून साहेबांसमोर ठेवा आणि विचारा, 'एवढ्यावर चालेल की नवा रिपोर्ट लागेल?' नवा लागणार असेल तर लॉगिनच करू नका. इथे नाही जमलं म्हणून तिथे, असे महिन्याभरात चार ठिकाणी अर्ज टाकले की चार चौकशा रिपोर्टात उमटतात आणि पाचवा विचारतो, चौघांनी का नाही दिलं?

दुसरं, इसाराची पावती. त्यात साफ लिहून घ्या की कर्ज मंजूर झालं नाही तर इसार परत मिळेल, आणि मुदत तीनऐवजी चार-पाच महिन्यांची ठेवा. चांगला विकणारा ऐकतो, नाही ऐकलं तर ते आधीच कळलेलं बरं. नव्या स्कीममध्ये फ्लॅट घेत असाल तर रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. 'आज भरा, उद्या भाव वाढेल' म्हटलं तरी त्याच्या पुढे जाऊ नका.

काही जण विचारतात, मॅडम, बँक तयार आहे, फक्त व्याज अर्धा टक्का जास्त सांगतेय, घेऊन टाकू का? २५ लाख, २० वर्षांसाठी, साडेआठ टक्क्यांनी हप्ता साधारण २१,७०० रुपये बसतो आणि नऊ टक्क्यांनी साधारण २२,५००. महिन्याला ८०० म्हणजे वीस वर्षांत एक लाख नव्वद हजारांच्या घरात. महिनाभर थांबून नोंद दुरुस्त होणार असेल तर माझं मत थांबा असंच राहील. बऱ्याच बँका व्याजाचा दर स्कोर बघूनच लावतात.

दुरुस्ती झाल्याचा मेल आला की तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. रिपोर्ट पुन्हा काढून ते खातं उघडा. 'क्लोज्ड' लिहिलंय का, थकबाकी शून्य आहे का, वादाचा शेरा गेला का, हे तीनही बघा. वर्षाचा फुकटचा रिपोर्ट वापरून झाला असेल तर पैसे भरून काढा, ते पैसे वाया जात नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना महिन्यातून किमान दोनदा माहिती पाठवावी लागते, त्यामुळे बदल दिसायला पूर्वीइतका वेळ लागत नाही.

मंजुरीपत्र हातात आलं तरी चेक निघेपर्यंत काही बँका रिपोर्ट पुन्हा एकदा काढतात. तेवढ्या दिवसांत हप्त्यावर मोबाइल घेऊ नका, कुणाला जामीन राहू नका, आणि क्रेडिट कार्डाचं बिल तारखेच्या आधी भरा. पोच, ना-देय दाखला आणि दुरुस्तीचा मेल घराच्या कागदांच्याच पिशवीत ठेवा, पुढे टॉप-अपला, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज घेताना, किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायच्या वेळी तेच खातं पुन्हा वर आलं तर ते कागद लागतील.